पडदा ओढणाऱ्या

“ए नवी, तिथं नको बसू. ती टाकीवाल्यांची जागा आहे.”

डब्याचं झाकण अर्धवट उघडलेलं, तशीच मी उठले. शाळेतला माझा पहिला दिवस, मधली सुट्टी, आणि आवारात जिकडे बघावं तिकडे मुलींचे गोल. गोलांच्या पाठी माझ्याकडे. पाण्याच्या टाकीपाशी एक गोल, फाटकाजवळच्या लिंबाखाली दुसरा, मैदानाच्या कडेला तिसरा, आणि रंगमंचाच्या रुंद दगडी पायऱ्यांवर चौथा. मी डबा हातात धरून मधोमध उभी. कुठल्याही गोलात नाही, आणि उभ्या उभ्या जेवायची पद्धत तर तेव्हा लग्नातही नव्हती.

सन एकोणीसशे ब्याण्णव. दिवाळीची सुट्टी संपली आणि बाबांची टेलिफोन खात्यातली बदली दारव्ह्याहून विट्याला झाली. यवतमाळ जिल्ह्यातून थेट सांगली जिल्ह्यात. भर वर्षात नववी ‘ब’ मध्ये येऊन पडलेली मी, मंजुषा काळमेघ. मुलींची शाळा होती, आणि तिथं कोण कुठं बसतं हे पाचवीतच ठरून गेलेलं होतं. मी आल्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं, एवढं मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं.

पण मी चिवट. ठरवलं, रोज एक गोल धरायचा.

टाकीवाल्या म्हणजे हुशार मुली. एका हातानं जेवायच्या, दुसऱ्या हातानं बीजगणित सोडवायच्या. मंगळवारी मी त्यांची परवानगी काढून टेकले. पहिला घास तोंडात जायच्या आत एकीनं विचारलं, “जुन्या शाळेत नंबर कितवा असायचा?”

“अकरावा,” मी खरं ते सांगितलं.

सगळ्यांच्या वह्या एक-एक वीत पलीकडे सरकल्या.

बुधवारी लिंबाखालच्या गाडीवाल्या. आसपासच्या गावांहून एसटीनं येणाऱ्या या मुली स्वभावानं फार मोकळ्या. “ये की, बस. डब्यात काय आणलंयस?” मी म्हटलं, “पोळी.” त्याबरोबर “पोळी! आगं, पोळी आणलीया हिनं!” असा गलका झाला आणि आठ-दहा जणी माझ्या डब्यावर वाकल्या. आत साधी गव्हाची पोळी आणि वांग्याची भाजी. त्यांच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची, हे मला काय माहीत!

“ही तर चपाती हाय,” एक जण इतक्या दुःखानं म्हणाली की मलाच अपराधी वाटलं. तरी त्यांनी मला बसू दिलं. पण त्यांचं सगळं बोलणं एसटीचं. कुठल्या गाडीचा कंडक्टर तापट, कुठली गाडी कुठल्या चढावर बंद पडते. “तुझी गाडी कितीची?” त्यांनी विचारलं. माझं घर शाळेपासून पाच मिनिटांवर. चालत. तिथं विषयच संपला.

गुरुवारी मैदानवाल्या. खो-खोचा संघ. त्या चार मिनिटांत जेवायच्या आणि उरलेला वेळ पळायच्या. एक मुलगी कमी होती म्हणून मला रांगेत बसवलं. पाठीमागून धावत आलेल्या मुलीनं माझ्या पाठीवर थाप मारून “खो!” म्हटलं आणि मी उठून पळायच्या ऐवजी मागे वळून विचारलं, “काय?”

पुढच्या डावाला मला कुणी बोलावलं नाही.

राहिल्या पायरीवाल्या. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या मुली. त्यांचे गणवेश आपल्यासारखेच असायचे आणि तरी आपल्यासारखे दिसायचे नाहीत. त्यांची पुढारी शाल्मली देवकुळे. सरळ नाक, सरळ भांग, बोलणं आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. तिच्या शेजारी कायम अपर्णा, तिची सावली. तिथं जाऊन बसायची माझी छाती नव्हती. मी शुक्रवारी पायऱ्यांच्या बाजूनं फक्त हळूहळू चालत गेले. दोनदा.

दुसऱ्या फेरीला शाल्मलीनं हाक मारली. “तुझं आडनाव काय गं?”

“काळमेघ.”

“अय्या! छत्र्या उघडा गं, छत्र्या!”

पायरी हसली. मीही हसले. मग ती म्हणाली, “काल तू गणिताच्या बाईंना काय म्हणालीस? म्हण ना पुन्हा.”

“मले समजलं नाही,” मी म्हटलं.

“पुढचं. पुढं काहीतरी होतं.”

“मले समजलं नाही बापा.”

पुन्हा हशा. शाल्मलीनं माझी नक्कल केली, अगदी हुबेहूब, त्या ‘बापा’ला लागणाऱ्या हेलासकट. मला आणखी दोनदा म्हणायला लावलं आणि मी म्हटलं. आज वाटतं, का म्हटलं असेन? पण आठवडाभरात माझ्याकडे कुणी काही मागितलं असेल तर तेवढंच.

शनिवारी कणसे बाई वर्गावर आल्या. कणसे बाई शारीरिक शिक्षण शिकवायच्या आणि स्नेहसंमेलनाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी लिहिलेल्या ‘धवलगडची राणी’ या नाटकात राणी अर्थातच शाल्मली, सेनापती अपर्णा, आणि दासींपासून दूतापर्यंत बाकी सगळी पायरी. टाकीवाल्यांकडे वक्तृत्व, मैदानवाल्यांकडे मनोरे, गाडीवाल्यांकडे लेझीम. बाईंनी यादी वाचली आणि चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं. “कशातच नाही असं कोण राहिलंय?”

तीन हात वर झाले. एक माझा.

“पडदा ओढायला,” बाई म्हणाल्या आणि वही मिटली.

दुसरा हात हौसा खिलारेचा होता. आजीचं नाव ठेवलेली, गोल चेहऱ्याची, पायात भिंगरी असलेली मुलगी. खरं तर ती खो-खोच्या संघातली. पण तालुक्याच्या सामन्यात तिनं समोरच्या संघाची शेवटची खेळाडू गाठली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून तिला जे हसू फुटलं, त्यात हात लावायचाच राहिला, ती मुलगी पळाली आणि सामना गेला. तेव्हापासून हौसा संघाबाहेर. तिच्या हसण्याची तऱ्हाच निराळी होती. आधी आवाजच यायचा नाही. नुसते खांदे हलायचे, मग मान, मग डोळ्यांतून पाणी. आणि आपण घाबरून “काय झालं?” विचारायला जावं तर उकळी फुटल्यासारखा एकदम हीऽऽ असा चीत्कार. तो ऐकून दगडालाही हसू आलं असतं.

फक्त तिसऱ्या हाताला येत नसे. तो हात शकिला मुजावरचा. वर्गात सगळ्यांत उंच, गणितात सगळ्यांत पहिली, आणि चेहरा असा की सुखदुःखाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ती जवळच्या गावाहून वडिलांच्या लुनावरून यायची, म्हणून गाडीवाली नाही.

“पण मग टाकीपाशी का नाही बसत?” मी तालमीच्या पहिल्याच दिवशी विचारलं.

“उत्तरं विचारतात,” शकिला म्हणाली. “भाकरी गार होते.”

हौसाचे खांदे हलायला लागले.

रंगमंचाला मरून रंगाचा जुना, जडशीळ पडदा होता. मधोमध दुभागलेला, लोखंडी कड्यांनी वरच्या तारेवर अडकवलेला. एका अर्ध्याची दोरी डावीकडे, ती हौसाकडे. दुसऱ्या अर्ध्याची उजवीकडे, ती माझ्याकडे. कडी हमखास अडकायची, तेव्हा शकिलानं बांबूनं ती ढकलायची. रंगमंचाखाली एक बुटकी खोली होती. लेझीम, फुटका ढोल, तीन पायांचे बाक. तिथून दोऱ्यांकडे जायला आतला जिना. रोज मधल्या सुट्टीत तालीम असायची, त्यामुळे आम्ही डबेही तिथंच उघडायचो.

तीन आठवडे मी तिथं हसले तेवढी उभ्या जन्मात हसले नसेन. वरती राणी छाती पिटत म्हणायची, “या गडाचा एकेक दगड माझ्या रक्तानं न्हाऊ दे!” आणि अंधारात शकिला थंडपणे म्हणायची, “मग धुणार कोण?” हौसा दोरीसकट खाली बसायची. पडदा वीतभर हलायचा. कणसे बाई ओरडायच्या, “डावी बाजू! काय चाललंय?” आणि शकिला गंभीर आवाजात उत्तर द्यायची, “वारा आहे बाई.”

हौसाला माझी बोली फार आवडायची, पण ती नक्कल करायची नाही. चक्क शिकायला लागली. “काऊन म्हंजी का?” ती विचारायची. “आन् ‘येऊन राह्यली’ म्हंजी यायलीया व्हय? आगं, हे भारी हाय. म्हंजी येतीया, येतीया, पण अजून पोचली न्हाई!” मग दिवसभर तिचं तेच. “शकिला, तू भाकरी खाऊन राह्यलीस का?” “राहू दे मला,” शकिला म्हणायची.

एवढं असूनही, आणि हे कबूल करायला मला आजही जड जातं, मी दोरी धरून बघत असायचे ते वरच्या पायरीवाल्यांकडे. त्यांचे संवाद मला सगळे पाठ झाले होते. राणीचे, सेनापतीचे, दासींचे. घरी आरशापुढे मी ते शुद्ध मराठीत म्हणत असे. ‘आहे.’ ‘मला.’ ‘का बरं?’

स्नेहसंमेलनाच्या दिवशी, दुपारी दोनला कार्यक्रम, आणि बाराला निरोप आला की दूताचं काम करणाऱ्या मुलीला गालगुंड झालं. दूताला एकच वाक्य होतं, पण त्या वाक्यावर अख्खं नाटक वळत होतं. कणसे बाई डोक्याला हात लावून बसल्या. तेव्हा शाल्मली म्हणाली, “बाई, काळमेघला सगळं पाठ आहे. मी ओठ हलताना पाहिलंय तिचे.”

बाईंनी मला वाक्य म्हणायला लावलं. मी खणखणीत म्हटलं. “महाराणी, घात झाला! शत्रू गडाच्या वेशीपर्यंत येऊन ठेपला आहे!”

“छान!” बाई म्हणाल्या. “जा, अंगरखा चढव.”

शाल्मलीनं स्वतःच्या हातांनी माझ्या डोक्यावर फेटा बसवला. टाचणी लावता लावता हळूच म्हणाली, “नीट कर हं. आणि उद्यापासून वर पायरीवर येत जा डबा घेऊन.”

मी जिन्यावरून उडतच खाली आले. पाय जिन्याला लागत होते की नाही, आठवत नाही. हौसा आणि शकिला खाली आणलेल्या दोऱ्यांचा गुंता सोडवत होत्या.

“मी दूत झाले! आणि शाल्मली म्हणाली, उद्यापासून मी पायरीवर!”

दोघींचे हात गुंत्यावरच थांबले. मग हौसा म्हणाली, “बरं झालं की. फेटा झ्याक दिसतोय.” आणि तिनं माझ्या अंगरख्याचा सुटलेला बंद बांधून दिला. शकिला माझ्या बाजूची दोरी हातात घेत म्हणाली, “ही मी धरते. तू जा.”

त्यांच्या आवाजात काही होतं का? असेल. मी ऐकायला थांबले नाही.

सभागृह नव्हतंच, मांडव घातला होता. सहाशे-सातशे माणसं. पुढच्या कोचावर मुख्याध्यापिका आणि प्रमुख पाहुणे, एक निवृत्त मामलेदार, पांढऱ्या मिशांचे, चेहऱ्यावर कडक इस्त्री. तिसऱ्या रांगेत आई आणि बाबा. नाटक सुरेख चाललं होतं. राणी सिंहासनावरून उठून पुढे आली, आकाशाकडे पाहून निःश्वास टाकला, आणि कणसे बाईंनी मला पाठीमागून ढकललं.

मी धावत गेले. गुडघा टेकला. समोर सातशे चेहरे, त्यात तोंडाला पदर लावलेली आई. तरी सुरुवात बरी झाली.

“महाराणी, घात झाला! शत्रू गडाच्या वेशीपर्यंत येऊन...”

येऊन. येऊन काय? ठेपला. शब्द समोर दिसत होता. पण ‘येऊन’च्या पुढे माझ्या तोंडाला चौदा वर्षं एकच रस्ता माहीत होता.

“...येऊन राह्यला ना बापा!”

पुढच्या कोचावर मामलेदारांची मान वर झाली. आणि डाव्या विंगेतून, अगदी बारीक, सुरू झालं. हीऽऽऽ.

पुढचं, माझी पाठ विंगेकडे असल्यामुळे, मी पाहिलं नाही, फक्त ऐकलं. हौसा पोट धरून खाली बसली, हातातल्या दोरीसकट. तिच्या वजनानं पडद्याचा डावा अर्धा सर्रकन मधोमध आला. सिंहासन, दोन दासी, गडाची भिंत, सगळं गडप. उजवीकडून शकिलानं बघितलं की एक बाजू बंद झाली, आणि तिनं दुसरीही ओढून घेतली. नंतर बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलं, अंक संपला. एकाच बाजूनं कसा संपेल?”

तर आता पडद्याच्या अलीकडे राणी आणि दूत. पलीकडे उरलेलं राज्य.

लोक हसायला लागले होते. शाल्मली ताठ उभी. तिनं कधीच काही चुकू दिलं नव्हतं आणि याही वेळी ती चुकू देणार नव्हती. मान उंच करून तिनं पुढचं वाक्य टाकलं. “सेनापतींना बोलवा!”

पडदा फुगला. आतून एक हात आला, पडद्यासकट. मग गुडघा. सेनापती फट शोधत होते. पडदा इकडून तिकडे नुसता धडपडत होता. शेवटी आतून अपर्णाचा रडवेला आवाज आला. “महाराणी, मला बाहेरच येता येत नाहीये!”

मांडव कोसळायचा तेवढा राहिला. मी गुडघ्यावर तशीच, जमीन दुभंगायची वाट बघत. हळूच मान वर केली तर शाल्मली माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ही आता मला जाळून टाकणार. पण तिची हनुवटी थरथरत होती. नाकपुड्या फुलल्या होत्या. तिनं ओठ आत दाबून धरले, डोळे घट्ट मिटले, पुन्हा उघडले. आणि मग धवलगडच्या राणीनं पडद्याकडे तोंड करून, तलवार उपसून, सातशे माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात आज्ञा केली.

“मग काऊन थांबली बापा? खालून ये!”

आणि सेनापती खालून आले. रांगत. फेटा आतच राहिला.

त्यानंतर नाटकाचं नाटक उरलं नाही. पडद्याची कडी अडकून बसली होती, तो उघडेचना. शकिलाच्या बांबूचं टोक तेवढं वरच्या फटीतून अधूनमधून दिसायचं आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडायच्या. राणीनं मला विचारलं, “शत्रू किती येऊन राह्यले?” मी म्हटलं, “लय येऊन राह्यले, महाराणी!” तो संवाद कुणी लिहिलेला नव्हता. तिला पुढचा सुचला, मला त्याच्या पुढचा. अपर्णा मात्र दात-ओठ खात आपलीच छापील वाक्यं म्हणत राहिली, त्यानं आणखीच बहार आली. गड शेवटी राखला गेला. कसा, ते कुणालाच कळलं नाही.

मामलेदारांच्या मिशा भिजल्या होत्या. भाषणात ते म्हणाले, “ऐतिहासिक विषय इतक्या विनोदी अंगानं मांडायचं धाडस आजवर कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. लेखिकेचं अभिनंदन.” कणसे बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नमस्कार केला. दुसरं त्या काय करणार?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन पायऱ्यांकडे निघाले. मला खात्री होती. राणी स्वतः माझ्याशी बोलली होती, सातशे माणसांसमोर.

शाल्मली अजून आली नव्हती. अपर्णा होती. तिनं आपलं दप्तर उचलून शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

“इथं जागा नाही,” ती म्हणाली.

“पण शाल्मली म्हणाली होती...”

“नीट करशील तर, असं म्हणाली होती. तू आमचं नाटक घालवलंस. गाव हसतंय मला. रांगत आले म्हणून.” तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्यामुळे मला रागही येईना.

मी परत फिरले. टाकी, लिंब, मैदान, सगळे गोल आपापल्या जागी. खालच्या खोलीत जायचं धैर्य होईना. तिथून तर मी काल नाचत निघून गेले होते, मागे वळूनही न बघता. पण डबा हातात होता आणि पाय कुठंतरी न्यायलाच हवे होते.

दारात पोचले तर हौसा आणि शकिला उतरवलेल्या पडद्याची घडी घालायच्या खटपटीत. पडदा केवढा आणि त्या दोघी. हौसानं मान वळवून पाहिलं.

“कुठं हुतीस? कवाची वाट बघतोय. त्यो कोपरा धर.”

मी कोपरा धरला. बोलायचं बरंच होतं, माफी वगैरे, मनाशी जुळवलंही होतं. पण शकिला म्हणाली, “ओढ,” आणि मी ओढलं. पडद्याची धूळ उडाली, तिघी शिंकलो, आणि माफीचं राहून गेलं ते आजपर्यंत.

पडद्याची गुंडाळी झाली. आम्ही तिच्यावरच बसलो, डबे उघडले. हौसा कालचं पुन्हा सांगत होती, ती खाली बसली तेव्हा तिला वाटलं की आपण मेलोच, आणि मेल्यावरही हसू थांबत नाही. एवढ्यात दारात सावली पडली.

शाल्मली. हातात डबा. आत येईना, बाहेर जाईना. सरळ भांग आज जरा वाकडा होता.

“काय गं?” हौसानं विचारलं.

“नाही म्हणजे...” आकाशवाणीवर प्रथमच खरखर आली. “काल आपण जे हसलो ना, मी घरी जाऊनही हसत होते. जेवताना हसले. आईनं विचारलं, बरं आहे ना तुला? पायरीवर त्या सगळ्या तोंड पाडून बसल्यात. आणि मला सारखं...” तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला. “मला तुमच्या ग्रुपमध्ये घ्याल का?”

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. तिच्या मनात दुसरंच कुणी असावं, असं मला वाटलं.

“नाही गं,” मी घाईघाईनं खुलासा केला, “आमचा काही ग्रुप नाही. आम्हाला कुठं जागा मिळाली नाही म्हणून आम्ही आपल्या इथं तात्पुरत्या बसतो.”

“तीन आठवडे?” शकिला म्हणाली.

मी बोटांवर मोजलं. तीन आठवडे. रोज. टाकीपाशी एक दिवस, लिंबाखाली एक दिवस, मैदानावर एक डाव, पायऱ्यांवर शून्य. आणि इथं तीन आठवडे. मी ज्याला वाट बघायची जागा समजत होते, तिथं मी केव्हाची पोचलेली होते. डोकं चालणारी मुलगी असते तर लवकर कळलं असतं. पण मी अकराव्या नंबरची.

हौसाचे खांदे हलायला लागले होते.

शकिलानं शाल्मलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अर्ज आणलाय का?”

“कसला अर्ज?” शाल्मलीचा चेहरा खर्रकन उतरला.

“लेखी लागतो. मुख्याध्यापिकांची सही लागते. आणि रांगत यावं लागतं.”

शाल्मली देवकुळे, डॉक्टर देवकुळ्यांची मुलगी, नववी ‘ब’ची वर्गप्रमुख. तिनं शकिलाच्या त्या दगडी चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि खरोखरच गुडघे टेकले. हौसाचा चीत्कार फुटला. मग शाल्मली फुटली. मग मी. आणि मग, हे मी शपथेवर सांगते, शकिला मुजावरच्या ओठाचा डावा कोपरा हलला, तो थरथरला आणि त्या उंच मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून गुंडाळलेल्या पडद्यावर अंग टाकलं. तिला हसताना पाहून आम्हाला जे झालं ते सांगता येणार नाही. भाजी सांडली. लेझिमी पडल्या. कशाला हसतोय हेही विसरलो आणि त्याचंच आणखी हसू आलं.

घंटा झाली ती आम्हाला ऐकू आली नाही. वर्गात पोचलो तेव्हा तास निम्मा झाला होता. कणसे बाईच होत्या, कालच्या नाटकाची धग अजून चेहऱ्यावर. आम्ही दारात उभ्या. गुडघ्यांना धूळ, डोळ्यांत पाणी. हौसाचं हसू पुन्हा फुटायच्या बेतात आलं होतं आणि शाल्मली तिच्या पाठीत चिमटा काढून ते थोपवत होती.

“तुम्ही चौघी!” बाई कडाडल्या. “बाहेर! तास संपेपर्यंत बाहेर उभ्या राहा, चौघीच्या चौघी!”

अख्खा वर्ग माना वळवून बघत होता. टाकीवाल्या, गाडीवाल्या, मैदानवाल्या, पायरीवाल्या. बाईंनी चार बोटं वर केली होती आणि मी ती मोजली. हौसा, शकिला, शाल्मली. चौथं बोट माझं.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि दोन्ही बाजूंनी दोन खांदे येऊन माझ्या खांद्यांना टेकले.